कामिनीचं केवायसी

माझा संबंध बँकेशी, बँडशी नाही. बँड आयुष्यात एकदाच वाजला, माझ्या लग्नात, आणि तो अजून थांबलेला नाही असं माझं प्रामाणिक मत आहे. (सौ. माझं लिखाण वाचत नाही, म्हणून हे धाडस.) त्यामुळे परवा चिरंजीवांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरून, "बाबा, या बँडमधलं कुणीच खरं नाहीये!" असं जाहीर केलं, तेव्हा मी आधी चष्मा पुसला.

बँडचं नाव गोरिलाझ. डेमन अल्बार्न हा गायक आणि जेमी ह्युलेट हा चित्रकार, या दोघा इंग्रजांनी 1998 साली काढलेला. टू-डी, मर्डक, नूडल आणि रसेल अशी चार कार्टुनं. गातो अल्बार्न, ओठ हलतात टू-डीचे. 2001 साली त्यांचा पहिला अल्बम आला. त्यातलं 'क्लिंट ईस्टवुड' हे गाणं गाजलं. गाण्यात त्या नटाचा मात्र पत्ता नाही. व्हिडिओत रसेलच्या डोक्यातून निळं भूत निघतं आणि धडाधड रॅप म्हणतं. मग थडग्यांतून गोरिले उठतात आणि चक्क नाचतात. त्या वर्षीच्या कार्यक्रमांत खरे वादक पडद्याआड आणि पडद्यावर ही चित्रं!

"आहे का आपल्याकडे असं काही?" चिरंजीव.

"आहे ना! बोरिवलीहून दोन स्टेशनं. मालाडला."

मालाडच्या बॉम्बे टॉकीजनं 1949 साली 'महल' काढला. दिग्दर्शक कमाल अमरोही, संगीत खेमचंद प्रकाश यांचं. त्यातल्या 'आएगा आनेवाला'ची तबकडी बाजारात आली, तिच्यावर गायिकेचं नाव छापलं होतं, कामिनी! कामिनी म्हणजे चित्रपटातलं पात्र. गाणाऱ्या होत्या जेमतेम विशीच्या लता मंगेशकर.

आता मी पडलो कॉमर्सवाला, त्यात काउंटरवर बसणारा. म्हटलं, या कामिनीचं केवायसी करून बघू. पडद्यावर दिसते मधुबाला. तिचं खरं नाव मुमताज. चित्रपटात ती कामिनी, म्हणजे कधीच मेलेली बाई. शेवटी कळतं, ही कामिनी नव्हेच. भुताचं सोंग घेतलेली माळ्याची मुलगी आशा. आवाज लताबाईंचा, तर त्यांचं पाळण्यातलं नाव हेमा! एवढ्या नावांतून तबकडीवर छापलं ते नेमकं मयत खातेदाराचं.

गाणं दुरून जवळ येतंय असं वाटावं म्हणून लताबाई हॉलच्या कोपऱ्यातून गात गात मायक्रोफोनपर्यंत चालत आल्या होत्या. चालल्या लताबाई, पावती फाटली कामिनीच्या नावानं.

लोक मात्र हुशार. "ही गाते कोण?" म्हणून रेडिओवर पत्रांचा पाऊस पडला. शेवटी रेडिओनं ग्रामोफोन कंपनीकडून नाव मिळवलं आणि सांगून टाकलं. तरी हिशेब पुरता जुळायला आणखी वेळ लागला. फिल्मफेअरनं पार्श्वगायनाला पारितोषिक ठेवलं ते 1959 साली, आणि पहिलं लताबाईंनीच नेलं. खेमचंद प्रकाश मात्र 1950 मध्येच गेले होते.

"म्हणजे बाबा, आपला नंबर पहिला!"

"तसं नाही रे. अल्बार्न पडद्याआड गेला तो आपल्या पायांनी. वाटेल तेव्हा बाहेर यायची मुभा त्याला होती. लताबाईंना कुणी विचारलंच नाही."

मुखवटा आपण चढवला तर गंमत. दुसऱ्यानं चढवला, तर कष्ट आपल्या खात्यातून वजा आणि जमा भलत्याच्याच नावावर.

चिरंजीव थोडा वेळ गप्प होते. मग त्यांनी पुन्हा मोबाइल पुढे केला. गोरिलाझनं 2025 साली जाहीर केलेल्या 'द माउंटन' या अल्बमचं मुखपृष्ठ. त्यावर देवनागरीत 'पर्वत', आणि गायकांच्या यादीत एक नाव: आशा भोसले.

मी चष्मा पुन्हा पुसला. आशाच होती. माळ्याची नव्हे, मंगेशकरांची. आणि या खेपेला, कार्टुनांच्या का होईना, रेकॉर्डवर नाव अगदी खरं छापलं होतं.