एका मुंगीचे नामकरण : पुणे, ओकिनावा आणि मुंबईची उपनगरे

एखाद्या प्राण्यास शास्त्रीय नाव मिळाले म्हणजे त्याची ओळख पटण्याचे कार्य संपले, अशी समजूत सामान्य वाचकांतच नव्हे तर पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांतही आढळते. बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या बाजूने राष्ट्रीय उद्यानात शिरून, एखादी वाळकी काटकी फोडून, तीतील जेमतेम दोन मिलिमीटर लांबीची मुंगी काचनळीत घेणारा विद्यार्थी परत आल्यावर पहिला प्रश्न विचारतो तो "हिचे नाव काय?" हाच. प्रश्न योग्यच आहे. परंतु नाव हे अखेरीस एक अनुमान असते, आणि प्रत्येक अनुमानाप्रमाणे ते पुढील पुराव्याने बदलू शकते, ही गोष्ट त्याच्या ध्यानात आलेली नसते. हे अनुमान कसे बांधले जाते, कसे चुकते आणि कशाच्या आधारे दुरुस्त होते, याचे एक बोधप्रद उदाहरण महाराष्ट्रातीलच एका मुंगीच्या इतिहासात सापडते. त्या इतिहासाचा एक धागा पुण्यात असून दुसरा जपानच्या ओकिनावा बेटापर्यंत गेला आहे.

या कथेतील पहिली व्यक्ती म्हणजे रॉबर्ट चार्ल्स रॉटन (१८४९–१९२१). १८७१ मध्ये ते वनखात्यात दाखल झाले आणि मुंबई इलाख्यात त्यांनी दीर्घकाळ नोकरी केली. त्याच सुमारास या इलाख्यात निसर्गाभ्यासाला एक केंद्र लाभले होते. १८८३ मध्ये मुंबईतील आठ गृहस्थांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. १८८६ पासून संस्थेचे नियतकालिक निघू लागले. नोकरीच्या निमित्ताने रानोमाळ हिंडणारे अधिकारी त्यात आपली निरीक्षणे प्रसिद्ध करीत. रॉटन यांचे लक्ष मुंग्यांकडे वळले आणि १८९२ मध्ये याच नियतकालिकात त्यांनी 'आपल्या मुंग्या' अशा अर्थाच्या शीर्षकाचा विस्तृत लेख दोन भागांत लिहिला. उत्तरायुष्यात ते सस्तन प्राण्यांच्या अभ्यासाकडे वळले. बेळगावकडील डोंगराळ भागातील एका गुहेत सापडलेल्या वटवाघळाच्या जातीला १९१३ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले. तथापि येथे आपणांस कर्तव्य आहे ते त्यांच्या मुंग्यांशी.

मुंग्या गोळा करणे एक आणि त्या ओळखणे दुसरे. ओळखण्यासाठी लागणारे ग्रंथ व तुलनेचे नमुने त्या काळी युरोपात होते. म्हणून रॉटन आपले नमुने स्वित्झर्लंडमध्ये ऑग्युस्त फोरेल यांच्याकडे पाठवीत. फोरेल (१८४८–१९३१) हे व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञ होते आणि झुरिकच्या प्रसिद्ध मनोरुग्णालयाचे संचालक होते. परंतु स्विस मुंग्यांवरील त्यांचा ग्रंथ १८७४ मध्येच प्रसिद्ध झाला होता, आणि मुंग्यांच्या वर्गीकरणात त्यांचा शब्द प्रमाण मानला जाई. पुढे हिंदुस्थान व सिलोन येथील मुंग्यांवरील त्यांची फ्रेंच लेखमाला १८९२ पासून मुंबईच्याच नियतकालिकात क्रमशः येत राहिली. पुण्याची मुंगी झुरिकला जाते आणि तिचे वर्णन फ्रेंच भाषेत होऊन मुंबईच्या नियतकालिकात परत येते, असा हा व्यवहार होता. त्यात संग्राहकाला जिवंत वारूळ दिसत असे आणि वर्णनकर्त्याला केवळ वाळलेले शरीर. हे अंतर पुढील सर्व घटनांच्या मुळाशी आहे.

फोरेल यांनी १८९० मध्ये बेल्जियमच्या कीटकशास्त्रीय संस्थेच्या वार्षिकात एक निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच रॉटन यांच्या शोधाचा निर्देश होता. हा शोध समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. एनिक्टस ही प्रजाती १८४० मध्ये शकर्ड यांनी स्थापिली ती केवळ नरांवरून. हे नर पंखयुक्त, मोठ्या डोळ्यांचे व गांधीलमाशीची आठवण करून देणारे असतात. टिफ्लाटा ही प्रजाती १८५७ मध्ये स्मिथ यांनी स्थापिली ती केवळ कामकरी मुंग्यांवरून. या कामकरी मुंग्या लहान, अंध आणि रांगेने फिरणाऱ्या असतात. संग्रहालयाच्या पेटीत या दोन प्राण्यांत काहीच साम्य दिसत नव्हते. रॉटन यांनी ते दोन्ही एकाच समूहात पाहिले आणि दोन प्रजातींची मिळून एकच प्रजाती झाली. जुन्या नावाला अग्रमान या नियमाने 'एनिक्टस' टिकले आणि 'टिफ्लाटा' पर्यायनाम ठरले. नर व कामकरी यांचे नाते पेटीत नव्हे, रानात उलगडले.

एका बाजूने असा घोटाळा निस्तरत असतानाच त्याच निबंधात दुसरा घोटाळा निर्माण झाला. पुण्याहून आलेल्या एका अतिसूक्ष्म मुंगीचे कामकरी व नर फोरेल यांच्यापुढे होते. मुंग्यांचे नर सामान्यतः पंखयुक्त असतात. या मुंगीचा नर मात्र पंखहीन होता व रूपाने बराचसा कामकरी मुंगीसारखा होता. असे वैशिष्ट्य पाहून फोरेल यांनी तिच्यासाठी नवीन प्रजातीच निर्माण केली. बोलोन्याचे मुंगीतज्ज्ञ कार्लो एमेरी यांच्या सन्मानार्थ प्रजातीला 'एमेरिया' आणि संग्राहकाच्या नावावरून जातीला 'रॉटनी' असे नाव मिळाले.

ही प्रजाती फार काळ टिकली नाही. १८९२ मध्ये बल्गेरियातील एका मुंगीचा नर तसाच पंखहीन असल्याचे फोरेल यांना आढळले. ती मुंगी कार्डिओकोंडिला या प्रजातीतील होती, आणि ही प्रजाती स्वतः एमेरी यांनीच १८६९ मध्ये नेपल्सच्या परिसरातील मुंगीवरून स्थापिली होती. पंखहीन नर हे नव्या प्रजातीचे लक्षण नसून जुन्याच प्रजातीचे आजवर न दिसलेले लक्षण होते. फोरेल यांनी आपली चूक स्वतःच प्रसिद्धपणे दुरुस्त केली. मित्राच्या गौरवासाठी योजलेले नाव मागे पडले आणि पुण्याची मुंगी मित्रानेच स्थापिलेल्या प्रजातीत 'कार्डिओकोंडिला रॉटनी' म्हणून दाखल झाली. बिंगहॅम यांच्या १९०३ च्या प्रमाणग्रंथात ती याच नावाने आली. त्याच १८९२ च्या टिपणात फोरेल यांनी एक सूक्ष्म तर्क मांडला. नराला उडताच येत नसेल, तर त्याचा समागम आपल्याच वारुळात, म्हणजे बहुधा आपल्या बहिणींशीच होत असला पाहिजे. वाळलेल्या शरीरावरून वर्तनाविषयी काढलेला हा निष्कर्ष जवळजवळ शंभर वर्षांनी प्रयोगशाळेत कसास लागावयाचा होता.

आता जपानकडे वळू. १९२९ मध्ये हार्वर्डचे विल्यम मॉर्टन व्हीलर यांनी फोर्मोसा, म्हणजे आजचे तैवान, येथील काही मुंग्यांचे वर्णन केले. ते बेट तेव्हा जपानी अंमलाखाली होते. रॉटनीहून किंचित काळसर दिसणाऱ्या मुंगीला त्यांनी 'रॉटनी'चाच एक उपप्रकार मानून 'ऑब्स्क्युरिऑर' हे नाव दिले. उपप्रकाराच्या नावाकडे पुढे फारसे कोणी लक्ष दिले नाही. उष्ण प्रदेशांतून माणसाच्या मालाबरोबर दूरवर पसरलेल्या या सूक्ष्म मुंग्यांना सर्वत्र 'रॉटनी' म्हणण्याचा परिपाठ पडला.

१९८७ मध्ये किनोमुरा व यामाउची या जपानी संशोधकांनी ओकिनावातील अशा मुंग्यांच्या नरांवर एक उल्लेखनीय निबंध प्रसिद्ध केला. एकाच जातीत नरांचे दोन प्रकार आढळले. एक पंखयुक्त व शांत, दुसरा पंखहीन व लांब, विळ्यासारख्या जबड्यांचा. पंखहीन नर वारूळ सोडून जात नाही. तो कोशातून नुकत्याच बाहेर पडलेल्या प्रतिस्पर्ध्यांना जबड्यात पकडून ठार करतो आणि वारुळातील तरुण राण्यांशी समागम करतो. पुढे १९९२ मध्ये असे दिसून आले की तो प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला स्वतःच्या शरीरातील स्राव फासतो व मग कामकरी मुंग्याच त्या प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडतात. फोरेल यांच्या तर्काला याहून स्पष्ट पुष्टी कोणती हवी?

या साऱ्या निबंधांत मुंगीचे नाव 'रॉटनी' असेच होते. २००३ मध्ये जर्मन मुंगीतज्ज्ञ बर्नहार्ड झायफर्ट यांनी या प्रजातीच्या अनेक गटांचे पुनर्परीक्षण केले. सूक्ष्मदर्शकाखाली मस्तक, पाठीवरील काटे, कटिभागातील गाठी यांची मोजमापे घेऊन व त्यांची परस्पर प्रमाणे ताडून त्यांनी 'ऑब्स्क्युरिऑर' ही स्वतंत्र जाती ठरविली. ओकिनावातील लढवय्ये नर या दुसऱ्या जातीचे होते. २०१४ मध्ये जिचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तीही हीच. परिणामी ग्रंथालयात १९८७ चा निबंध हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याने त्यातील निरीक्षणे ग्राह्य मानावीत, परंतु नाव बदलून वाचावे, असा प्रसंग आला. निरीक्षण खोटे नव्हते. ते दुसऱ्याच जातीच्या नावावर जमा झाले होते.

ही दुरुस्ती शक्य झाली ती कशामुळे? वर्णने तर जुनी व त्रोटक होती. शक्य झाली ती नमुने टिकले म्हणून. फोरेल यांचा संग्रह जिनिव्हाच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे. 'रॉटनी' या नावाचा अर्थ अखेरीस पुण्याच्या मूळ नमुन्यांवरून ठरतो, कोणाच्या मतावरून नव्हे. नाव तीनदा इकडचे तिकडे झाले. टाचणीवरील मुंगी व तिच्याखालील चिठ्ठी जागच्या जागी राहिली. मात्र त्या चिठ्ठीची उणीवही सांगितली पाहिजे. 'पुणे' व 'रॉटन' एवढ्या उल्लेखावरून कोणते झाड, कोणता ओढा, कोणत्या वनरक्षकाने वाट दाखविली, हे आज समजत नाही. ज्या वाटाड्यांच्या पायांवर त्या काळचे संग्रह उभे राहिले, त्यांची नावे चिठ्ठ्यांवर येत नसत.

हीच उणीव आपल्या उपनगरांच्या बाबतीत अधिक जाणवते. एकोणिसाव्या शतकातील नमुन्यावर 'ठाणे' असे लिहिलेले असेल, तर ते स्थळ आजचे अंधेरी, घाटकोपर, बोरिवली किंवा मुलुंड यांपैकी कोणतेही असू शकेल. कारण १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा निर्माण होईपर्यंत ही सारी गावे ठाणे जिल्ह्यातच होती. पुढे १९५० व १९५७ मध्ये बृहन्मुंबईची हद्द टप्प्याटप्प्याने दहिसर व मुलुंडपर्यंत गेली आणि १९९० मध्ये उपनगर जिल्हा पुन्हा वेगळा झाला. एकाच टेकडीची शासकीय ओळख शतकभरात इतक्या वेळा बदलली. मुंगीच्या नावाप्रमाणे गावाच्या नावाचाही इतिहास जाणल्यावाचून जुनी चिठ्ठी वाचता येत नाही.

उपनगरांत आता शोधण्यासारखे काही उरले नाही, असे मात्र कोणी समजू नये. २०१० मध्ये गोरेगावच्या आरे दुग्धवसाहतीतील एका विंचवाचे नवीन जाती म्हणून वर्णन झाले आणि वसाहतीचेच नाव त्या जातीला मिळाले. २०२२ मध्ये जोगेश्वरीतील अंधशाळेच्या आवारातील विहिरीत सापडलेल्या दृष्टिहीन माशाला मुंबईच्या नावावरून 'मुम्बा' हे जातिनाम देण्यात आले. आता संग्राहक आणि वर्णनकर्ता एकाच शहरात असू शकतात. रॉटन व फोरेल यांच्यामधील अंतर मिटले आहे. पण त्याच वेळी ज्या काटक्यांत, विहिरींत व दगडांखाली हे जीव राहतात त्या जागा बांधकामाखाली जात आहेत. ज्या जातीची नोंदच झाली नाही, ती नाहीशी झाली तरी तिची उणीव कोणत्याही यादीत दिसणार नाही.

म्हणून काचनळी घेऊन परतणाऱ्या विद्यार्थ्याला एवढेच सांगावेसे वाटते की, नाव चुकले तर ते शंभर वर्षांनीही दुरुस्त होईल. नमुना हरवला किंवा चिठ्ठी अपुरी राहिली, तर ते कोणालाही दुरुस्त करता येणार नाही. प्रथम स्थळ, दिनांक, झाड व बरोबर असलेल्या माणसाचे नाव लिहावे. मुंगीचे नाव त्यानंतर विचारावे.