जिओकॅशिंग
जीपीएसच्या आधारे, दिलेल्या अक्षांश-रेखांशांवर लपवलेली डबी शोधण्याचा मैदानी खेळ. मे २००० च्या आरंभी अमेरिकेने नागरी जीपीएस संकेतांत मुद्दाम ठेवलेली त्रुटी काढली. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगन राज्यात पहिली बादली लपवली. नवख्यास मोबाइल व पेन पुरते. डबीतल्या वहीत नाव-तारीख लिहून डबी जागच्या जागी ठेवतात. आतली वस्तू घेतल्यास तोलाची दुसरी ठेवतात. पुण्याच्या कसबा पेठेसारख्या (पहा : तांबट आळी, लाल महाल) दाट वस्तीत बोळांच्या भिंतींवरून संकेत परावर्तित होऊन स्थान काही मीटर चुकते, तेथे यंत्रापेक्षा लपवणाऱ्याने दिलेली खूण भरवशाची. लगतच्या संरक्षित स्मारकात (पहा : शनिवारवाडा) खोदकाम निषिद्ध. बेवारस डबीचा संशय येत असल्याने जागामालकाची परवानगी आवश्यक असते.