‘स्मृतिचित्रे’ : विरहानंतरचा संसार

१/ टिळक म्हटले की आपल्याला केसरीवाडा आठवतो. आजचे टिळक निराळे : रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९), ‘फुलामुलांचे कवी’. त्यांच्या कविता आता फारशा कोणी काढून वाचत नाही. तरीही त्यांचा संताप, औदार्य आणि विसराळूपणा आपल्याला शेजारच्या माणसाइतका परिचित आहे, तो त्यांच्या पत्नीच्या स्मरणशक्तीमुळे.

२/ लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. लग्न अकराव्या वर्षी झाले. शाळा पाहिलेली नाही. अक्षरओळख नवऱ्याने करून दिली. हा नवरा एका जागी टिकणारा नव्हता. नोकरी सोडावी, न सांगता घराबाहेर पडावे, हाती आलेला पैसा दुसऱ्याच्या हातावर ठेवावा, असा त्याचा क्रम होता.

३/ १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आज हा प्रसंग ‘व्यक्तिस्वातंत्र्य’ या एका शब्दात उरकता येतो. त्या काळी तसे नव्हते. धर्मांतरित नवऱ्याशी अन्नपाण्याचा व्यवहारसुद्धा उरत नसे. पदरात लहानगा दत्तू, डोक्यावर सौभाग्याचे कुंकू, आणि संसार मात्र संपलेला. सुमारे पाच वर्षे लक्ष्मीबाई नातलगांच्या आधाराने राहिल्या.

४/ पुढचा क्रम नीट पाहण्याजोगा आहे. त्या प्रथम टिळकांकडे परतल्या, त्यांच्या धर्माकडे नव्हे. नवऱ्याच्या गावी येऊनही सोवळेओवळे काही काळ पाळले. जातिभेद माणसाने निर्माण केला, असा निर्णय त्यांचा त्यांनी केला आणि त्यानंतर, १९०० मध्ये, बाप्तिस्मा घेतला. ‘पतीच्या पावलावर पाऊल’ असे जे सर्रास लिहिले जाते, त्यात हा मधला काळ गिळला जातो. माझ्या मते या दांपत्याचा खरा इतिहास तिथेच आहे.

५/ १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापला आणि ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. सुमारे चाळीस वर्षांचे सहजीवन संपले.

६/ पुढे मुलाला, देवदत्तांना, वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यासाठी त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या. साठी ओलांडलेली आई लिहू लागली आणि चरित्राच्या साधनांचाच एक ग्रंथ झाला. त्यात सनावळी फारशी सापडत नाही. ती इतर कागदपत्रांतून जुळवावी लागते. पण कोण कसे रागावले, कोणाची कशी फजिती झाली, घरात त्या दिवशी काय नव्हते, हे सारे लख्ख.

७/ येथे रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ (१९१०) शेजारी ठेवावे. न्यायमूर्ती १९०१ मध्ये गेले. रमाबाईंच्या पुस्तकात पती हा गुरू आहे आणि स्मरण हे बरेचसे पूजन आहे. लक्ष्मीबाई पूजा मांडत नाहीत. ज्या काळात नवऱ्याचे नाव उखाण्यातच घ्यायचे, त्या काळात वाढलेली ही बाई पानोपानी ‘टिळक’ म्हणते, त्यांच्या चुका सांगते, आपल्याही सांगते आणि मनापासून हसते. मृत माणसाला निर्दोष करणे हाही विस्मरणाचाच एक प्रकार असतो. लक्ष्मीबाईंनी टिळकांना तसे होऊ दिले नाही. मला तरी या हट्टात रमाबाईंच्या नमस्कारापेक्षा कमी प्रेम दिसत नाही.

८/ आणखी एक काम चालूच होते. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य सुरुवातीच्या काही अध्यायांवर थांबले होते. ज्यांनी अक्षरे शिकवली त्यांचेच अपुरे काव्य लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि साठाहून अधिक अध्याय रचले.

९/ ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या, तेव्हा चौथा भाग अपुरा होता. त्याची अखेरची पाने देवदत्तांनी लिहिली, आणि ‘ख्रिस्तायन’ही त्यांनीच पुरे केले.