पथकातला ध्वज कुणी मोजलाच नाही

श्रावण लागला की पनवेलमध्ये दोन गोष्टी हमखास सुरू होतात. एक, ढोल-ताशा पथकांचा सराव. दुसरी, त्या सरावावरून होणारी भांडणं. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकजण लिहितो की घरात तान्हं बाळ आहे, दुसरा उत्तर देतो की वर्षभर डीजे चालतो तेव्हा कुठे असता. दोघांचंही थोडंथोडं खरं असतं. मला आज त्या भांडणात पडायचं नाही. पण एक गोष्ट कितीतरी वर्षं खटकते आहे. दोन्ही बाजू बोलतात ती फक्त आवाजाबद्दल. पथकाच्या टी-शर्टवर मात्र बहुतेक वेळा नाव असतं 'ढोल-ताशा-ध्वज पथक'. यातला तिसरा शब्द कुणीच वाचत नाही.

२०२४ चा गणेशोत्सव आठवून बघा. राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने ३० ऑगस्टच्या आदेशात ढोल, ताशा आणि झांज मिळून एका पथकात तीसपेक्षा जास्त माणसं नकोत अशी अट घातली. १२ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या अटीला स्थगिती दिली आणि प्रश्न तेवढ्यापुरता मिटला. आदेश होता पुण्यातल्या मिरवणुकीपुरता, पण धसका सगळीकडे पसरला. मधल्या दहा-बारा दिवसांत इकडच्याही पथकांत एकच हिशेब चालू होता, उद्या आपल्यावर वेळ आली तर वगळायचं कुणाला? माझ्या ओळखीच्या एका पथकात उत्तर पाच मिनिटांत निघालं. ध्वजवाले कमी करा. ढोल कमी केला तर वजन जातं, ताशा कमी केला तर ठेका जातो, ध्वज कमी केला तर ऐकणाऱ्याला काय फरक पडणार? ज्या वस्तूचा आवाजच नाही, तिला आवाजाच्या नियमातून पहिली कात्री. गंमत म्हणा किंवा काय म्हणायचं ते म्हणा.

इतिहास पाहिला तर क्रम नेमका उलटा आहे. ध्वज आधी, वाद्य नंतर. धुळीत आणि धुरात माणसाला कुठे जमायचं, कुठून मागे फिरायचं, हे सांगायला निशाण लागायचं. कानाला हुकूम नगाऱ्याचा, डोळ्याला हुकूम निशाणाचा. मराठी फौजेत जरीपटका बाळगण्याचा मान मिळणं ही सरदाराच्या आयुष्यातली मोठी गोष्ट होती. म्हणून सत्ता गेली तेव्हा लोकांच्या लक्षात राहिलं तेही निशाणच. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचा झेंडा चढला, तो चढवणाऱ्या बाळाजीपंत नातूंचं नाव दोनशे वर्षं झाली तरी शिवीसारखं घेतलं जातं. त्यानंतर दोन-तीन महिन्यांत, १८१८ च्या सुरुवातीला, कर्नल प्रॉथरने आपला कर्नाळा घेतला. पनवेलमधून दिसणाऱ्या त्या सुळक्याच्या किल्ल्यावरचं निशाण तेव्हा उतरलं.

पुढे बंदुका लांबवर मारा करू लागल्या तसं रणात झेंडा घेऊन उभं राहणं म्हणजे नेमबाजाला आमंत्रण झालं. ब्रिटिश फौजेतल्या पलटणीने आपली निशाणं प्रत्यक्ष लढाईत नेली ती शेवटची १८८१ साली, दक्षिण आफ्रिकेत लेंग्स नेक इथे. त्यानंतर निशाणं कवायतीत आणि समारंभात राहिली. इथे खरा प्रश्न सुरू होतो. युद्धातलं काम गेलं, पण निशाण पेलायची, फिरवायची, झुकवायची, रांगेत सांभाळायची विद्या उरली. त्या विद्येचं काय करायचं?

आपल्याकडे याचं उत्तर लेंग्स नेकच्याही आधी दिलेलं होतं आणि तेही एका फौजी माणसाने. सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे हैबतबाबा ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावली. दिंड्यांचा क्रम, चोपदार, अंकलीच्या शितोळे सरदारांकडून येणारे अश्व, सगळ्यात लष्करी नजर दिसते. गोल रिंगण ज्याने पाहिलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. रिंगणात पहिले धावतात ते पताकावाले. मग डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, विणेकरी, टाळकरी, पखवाजवाले, आणि मग अश्व. म्हणजे मैदानाची मापं डोळ्यांत भरायची, वर्तुळ आखून द्यायचं, वेग ठरवून द्यायचा, हे काम पताकेचं. त्या पताकावाल्यांना कुणी कलाकार म्हणत नाही, तेही स्वतःला म्हणवून घेत नाहीत. पण शेकडो माणसं हातात काठी-कापड घेऊन एका वर्तुळात, एकमेकांना न धडकता धावतात. ही रचना कुणीतरी बसवलेली आहे, ती आपोआप होत नाही.

दुसरं उदाहरण जोतिबाचं. चैत्र यात्रेत वाडी रत्नागिरीला येणाऱ्या सासनकाठ्या तीस-चाळीस फुटांच्या असतात. एकजण काठी पेलतो, बाकीचे वरून सोडलेल्या दोऱ्या ताणून तोल धरतात आणि हलगीच्या ठेक्यावर ती उंच काठी अक्षरशः नाचते. मानाची पहिली काठी सातारा जिल्ह्यातल्या पाडळीची. एवढ्या उंचीच्या बांबूचा भार, वारा आणि गर्दी यांचं गणित त्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी सांभाळलं आहे.

मग पथकात ध्वज आला कुठून? पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत आधी मुळशी-मावळकडच्या गावांची ढोल-लेझीम पथकं यायची. नंतर ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग, नूमवि अशा शाळांनी आपापली पथकं उभी केली आणि त्यांनी या प्रकाराला गणवेश दिला, रांगा दिल्या, सरावाचं वेळापत्रक दिलं. प्रबोधिनीने बरची नृत्य रुजवलं. तिथून पुढे शहरात हे लोण पसरलं. १९९९ मध्ये डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू केली, तिचं बघून ठाणे, गिरगाव, पनवेल अशा सगळीकडे यात्रा निघू लागल्या. पथकांना भाद्रपदासोबत चैत्रातही काम मिळालं. या सगळ्यात ध्वज मुख्यतः मुलींच्या हातात आला. याचं कारण मला फार उदात्त वाटत नाही. ढोल जड म्हणून मुलींना ध्वज द्या, एवढाच सुरुवातीचा विचार बहुतेक ठिकाणी असणार. आता मुली ढोलही बडवतात आणि ताशाही तोडतात, पण ध्वजाकडे बघायची नजर तिथेच अडकली. 'जिला काही येत नाही तिला ध्वज.' हे वाक्य मी स्वतः ऐकलेलं आहे, एका प्रशिक्षकाच्या तोंडून.

ज्याने पेलला नाही त्याला ते सोपं वाटतं. बांबूची काठी वर बारीक आणि खाली जाड असते, त्यामुळे तोल नैसर्गिकरीत्या खालच्या हाताकडे येतो. अ‍ॅल्युमिनियमचा पाइप सगळीकडे सारख्या जाडीचा, हलका, पण कापड लावलं की तोल वर सरकतो आणि मनगट बोलायला लागतं. कापड जाड घेतलं तर फडकत नाही, फार तलम घेतलं तर वाऱ्यात काठीलाच गुंडाळतं. आणि आपला सण नेमका पावसात. भिजलेलं साटण किती जड होतं हे विसर्जनाच्या दिवशी शिवाजी चौकातून वडाळे तळ्यापर्यंत ध्वज नेणाऱ्या पोरीला विचारा. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा ध्वज फिरवताना खालचा हात पुढे, वरचा मागे, आणि कापड कधीच स्थिर होऊ द्यायचं नाही, कारण थांबलं की लोंबतं. ढोलकऱ्याचा एखादा टोल चुकला तर पन्नास ढोलांत तो बुडून जातो. ध्वज चुकला तर चौकभर दिसतो. वर विजेच्या तारा, केबलच्या वायरी, कमानी, बाजूला मोबाइल उंचावून उभी गर्दी. काठी किती लांब असावी, धातूची असावी का, दोन ध्वजांत अंतर किती, याबद्दल प्रत्येक पथकाचा अंदाज वेगळा. लिखित नियम मला तरी कुठे सापडला नाही. धातूची उंच काठी आणि उघड्या तारा एकाच रस्त्यावर असताना हे अंदाजावर सोडणं मला पटत नाही.

हीच विद्या अमेरिकेत कुठे गेली ते बघण्यासारखं आहे. पहिल्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांच्या संघटनांनी, त्यातही १९१९ साली स्थापन झालेल्या अमेरिकन लिजनने, ढोल आणि बिगुलांची पथकं उभी केली, त्यांच्या स्पर्धा घेतल्या. त्या पथकात राष्ट्रध्वजाभोवती रखवालीला जी तुकडी चालायची ती 'कलर गार्ड'. 'कलर' म्हणजे रंग नव्हे, पलटणीचं निशाण. बरीच वर्षं कार्यक्रमात राष्ट्रध्वजाची सलामी सक्तीची होती, आणि राष्ट्रध्वज हातात असला की काय करायचं याला मर्यादा येतातच. १९७० च्या दशकात पथकांनी आपली वेगळी संघटना काढली, १९७२ पासून स्वतःची अजिंक्यपद स्पर्धा सुरू केली, आणि हळूहळू ती सक्ती गेली. राष्ट्रध्वज सन्मानाने बाजूला ठेवला आणि हातात रंगीत रेशमाचे ध्वज घेतले. तिथून सगळं मोकळं झालं. काठी साधारण सहा फुटांची, तळाशी वजन भरलेली, दोन्ही टोकांना रबरी टोपण. जोडीला लाकडी खोटी रायफल आणि बोथट तलवार, हवेत फेकून झेलायला. १९७७ मध्ये 'विंटर गार्ड इंटरनॅशनल' ही संस्था निघाली आणि झेंडेवाल्यांनी थेट वाद्यवृंदालाच रामराम ठोकला. हिवाळ्यात, बंद क्रीडागृहात, रंगवलेला ताडपत्रीसारखा पट जमिनीवर अंथरून, ध्वनिमुद्रित संगीतावर निव्वळ ध्वजांचा प्रयोग. ओहायोतल्या डेटन शहरात त्यांचं अजिंक्यपद रंगतं.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते गुणपत्रक. तिथे साहित्य कसं हाताळलं त्याचे गुण वेगळे, शरीराच्या हालचालीचे वेगळे, रचनेचे वेगळे आणि एकूण परिणामाचे वेगळे. नवख्यांचा गट वेगळा, मुरलेल्यांचा वेगळा, शाळांचा वेगळा. गुणपत्रकात रकाना आला की शिकवणारा तयार होतो, शिकवणारा आला की 'जिला काही येत नाही तिला' हे वाक्य मरतं. आपल्याकडे ढोल-ताशाच्या ज्या स्पर्धा मी पाहिल्या, तिथे परीक्षक ठेका, लय, वादनातला नवेपणा यावर बारीक बोलले. ध्वजाबद्दल शेवटी एक वाक्य, 'ध्वजामुळे शोभा आली.' शोभा!

तिकडचं सगळं उचलून आणा असं मी म्हणत नाही. तिथला खर्च आणि नटवेपणा आपल्याला परवडणारा नाही, गरजेचाही नाही. आणि आपला प्रश्न थोडा वेगळा आहे. तिरंग्याच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. ध्वजसंहितेप्रमाणे तो कुणापुढे झुकवता येत नाही, तेव्हा तो फिरवण्या-नाचवण्याचा विषयच नाही. पण भगव्याबद्दलही आमच्यातले जुने लोक म्हणतात, हे निशाण आहे, खेळणं नाही, त्याची स्पर्धा कसली लावता? आक्षेप हलका नाही. माझं उत्तर एवढंच की रिंगणातली पताकाही भगवीच आहे, पूजनीयच आहे, आणि ती धावते. जोतिबाची काठी देवाची आहे आणि ती नाचते. पूजा आणि कौशल्य यांचं भांडण आपल्या परंपरेत नव्हतंच. ज्यांना तरीही नको वाटेल त्यांनी स्पर्धेपुरतं वेगळ्या रंगाचं कापड घ्यावं.

तर माझी सूचना अशी. पनवेलची नगरपालिका १८५२ ची, राज्यातल्या सगळ्यात जुन्यांपैकी. २०१६ पासून महानगरपालिका. आपल्याकडे वासुदेव बळवंत फडक्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे, शाळांची मैदानं आहेत, खारघरपासून खांदा कॉलनीपर्यंत पथकं आहेत. दिवाळीनंतर, पाऊस संपल्यावर, फक्त ध्वजाची स्पर्धा घ्या. मैदानावर, तारांपासून लांब. ढोल नको, हवं तर एक ताशा ठेक्यापुरता. पाच-सात मिनिटांचा प्रयोग, एका वेळी दहा-बारा ध्वज. काठीची लांबी ठरलेली, धातू वर्ज्य, टोकाला टोपण सक्तीचं. आवाजाची तक्रार करायला जागाच नाही, त्यामुळे त्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे काकाही बघायला येतील. खर्च म्हणाल तर एका मंडळाच्या एका रात्रीच्या लायटिंगपेक्षा कमी.

चार-पाच पथकांतल्या मुलींशी बोलून मी गुणपत्रकाचा एक कच्चा मसुदा केला आहे. पेलणं, पावलं, रचना आणि ताल, प्रत्येकाला पंचवीस गुण. यावर फारसा वाद झाला नाही. वाद झाला तो एका कलमावर. ध्वज जमिनीला टेकला तर काय? दोन पथकांचं म्हणणं होतं, थेट बाद. अमेरिकेत हातातलं सुटलं तर गुणांवर परिणाम होतो, पण प्रयोग चालू राहतो. सात वर्षं ध्वज धरणारी एकजण म्हणाली, टेकला तर पाच गुण कापा, पण उचलून, कपाळाला लावून, पुढच्या समेवर रांगेत परत आली तर त्यातले तीन परत द्या. मसुद्यात सध्या तिचं म्हणणं लिहून ठेवलं आहे, पेन्सिलने.