ट्रान्स-मंगोलियन रेल्वे
पूर्व सायबेरियातील उलान-उदे येथे ट्रान्स-सायबेरियन मार्गापासून फुटून मंगोलियातील उलानबातरमार्गे चीनला जाणारा लोहमार्ग. चीनच्या सीमेपर्यंतचे काम १९५५ मध्ये पुरे झाले. या वाटेने मॉस्को–बीजिंग प्रवास थेट गाडीने सहा रात्रींचा असे. ती सेवा २०२० मध्ये थांबली. बैकल सरोवराचा काठ व गोबीचे वाळवंट याच वाटेवर लागतात. खरी गंमत चीनमधील एरेनहोट स्थानकात : रशिया-मंगोलियाचा रूळमार्ग १,५२० मिमी., चीनचा १,४३५ मिमी. रुंद, म्हणून प्रवाशांसकट डबे जॅकने उचलून खालच्या बोगी (चाकांचे सांगाडे) बदलतात. पर्यटकांचे गट चार शायिकांचे कप्पे धरून रशियातील इर्कुत्स्क, उलानबातर येथे मुक्काम करत जात. डब्यातल्या सामोवारचे (पाणी तापवण्याच्या बंबाचे) उकळते पाणी चहाला फुकट मिळे. भोजनयान मात्र देशागणिक बदलत असे.