परवान्यामागून आलेला अंमल

सुरत शहराच्या आग्नेयेस, लिंबायत आणि डिंडोली यांच्या शेजारी असलेले गोडादरा हे दोनतीन पिढ्यांपूर्वी शेतजमिनीचे एक साधे खेडे होते. आज तेथील सोसायट्यांच्या ओळींतून आणि भाजीच्या हातगाड्यांभोवती अहिराणी इतक्या मोकळेपणाने कानी पडते की, नव्या माणसास आपण अमळनेर किंवा दोंडाईचा येथील एखाद्या गल्लीत उतरलो की काय असा संभ्रम व्हावा. हा खानदेश तेथे कसा वसला, याचे निम्मे उत्तर ताप्ती व्हॅली रेल्वेने दिले आहे. सुरतेहून व्यारा, नवापूर, नंदुरबार असा पूर्वेकडे जाणारा हा मार्ग 1900 च्या सुमारास अमळनेरपर्यंत पोहोचला आणि पुढे जळगावास भिडला. ज्या वर्षांत तो बांधला गेला त्याच वर्षांत गुजराथेत ‘छपनियो’ म्हणून स्मरणात राहिलेला दुष्काळ पडला; पुढे 1972 साली महाराष्ट्रात अवर्षण झाले तेव्हाही हाच लोहमार्ग हाताला काम शोधणाऱ्यांच्या पायाखाली होता. 1960 साली मुंबई राज्याचे विभाजन होऊन नवापूरचे स्थानक निम्मे महाराष्ट्रात व निम्मे गुजराथेत गेले. परंतु फलाटावरून आखलेल्या त्या सीमेने उधन्यास उतरणाऱ्या माणसाचे पाऊल कधी थबकल्याचे दिसत नाही.

उरलेले निम्मे उत्तर मागांचे आहे, आणि ते रेल्वेच्या उत्तराइतके सरळ नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या चार दशकांत कापडाच्या धंद्यावर शासनाचा जो अंमल बसला, त्याची व्याप्ती आज सांगितली तर तरुण वाचकास अतिशयोक्ती वाटेल. गिरण्यांनी माग वाढवू नयेत म्हणून त्यांच्या विणकामाच्या शक्तीस मर्यादा घातलेली. यंत्रमाग बसवावयाचा तर मुंबईच्या वस्त्रआयुक्तांच्या कचेरीचा परवाना हवा. कृत्रिम रेशमाचे सूत परदेशाहून यावयाचे ते सरकारी व्यापार महामंडळाच्या हातून आणि वाट्याप्रमाणे. शिवाय त्यावर जबर अबकारी. हातमागाचे रक्षण हा या सगळ्यामागचा हेतू होता आणि तो कुत्सितपणे उल्लेखावा असा खचितच नव्हता. परंतु जो अंमल प्रत्येक मागावर डोळा ठेवू पाहतो, त्याला पहारेकरी पुरवता पुरवता राज्याची तिजोरी आणि सचोटी दोन्ही पुरत नाहीत. 1963 साली नेमलेल्या अशोक मेहता समितीपुढे यंत्रमागांचा प्रश्न आला तेव्हा बिनपरवान्याचे माग ही काही आडरानातली गोष्ट राहिली नव्हती. पुढेही ‘अनधिकृत’ मागांना अधिकृत करून घेण्याची पाळी शासनावर पुनःपुन्हा आली.

सुरतेतील मागाचे ‘खाते’ ज्याने पाहिले आहे त्याला या कारभाराचे मर्म चटकन कळते. एकच लांब पडवी, एकच छप्पर, धोट्यांचा एकच कानठळ्या बसविणारा नाद; बीम भरणारा तोच, कांड्या भरणारी मुले तीच, ताके मोजून घेणारा मेहताही एकच. परंतु दफ्तर उघडावे तर तेथे चारपाच वेगवेगळ्या पेढ्या नांदत असलेल्या दिसाव्यात: एक शेठच्या नावे, एक पत्नीच्या, एक धाकट्या भावाच्या, एक भावजयीच्या. कारण 1948 च्या कारखाना कायद्याप्रमाणे विजेवर चालणाऱ्या जागी दहा माणसे कामास असली की तो कारखाना ठरत असे आणि कामाच्या तासांपासून भरपगारी रजेपर्यंत सारे बंधन मागे लागत असे. म्हणून कागदावर कोणत्याच पेढीत दहावा माणूस यावयाचा नाही. लहान घटकांना अबकारीत ज्या सवलती होत्या त्यांनीही हीच विभागणी लाभाची केली. लघुउद्योगास आश्रय देणारा कायदा असा मोठ्या उद्योगास लहान दिसण्याची कला शिकवून गेला.

येथपर्यंत ही हकीकत केवळ स्थानिक वाटेल. परंतु ज्या काळात सोविएत संघ आणि पूर्व युरोप यांची अर्थव्यवस्था कोसळून नवी उभारण्याचे प्रयोग चालू होते, नेमक्या त्याच काळात हिंदुस्थानातही नियंत्रणाची तटबंदी उतरत होती, आणि दोन्हीकडे कापडाचीच शहरे ठेवून पाहिली म्हणजे एक विलक्षण भेद नजरेस येतो. पोलंडमध्ये 1 जानेवारी 1990 पासून अर्थमंत्री बाल्त्सेरोविच यांची बाजारसुधारणेची योजना अंमलात आली. वूच हे तेथील गिरण्यांचे मोठे शहर, ज्याचा माल सोविएत बाजारपेठेवर विसंबून होता, थोड्याच वर्षांत मोडकळीस आले आणि त्याच्या हजारो कामकरी स्त्रिया घरी बसल्या. रशियात सुधारणांचे सूत्रधार गायदार यांनी 2 जानेवारी 1992 रोजी बहुतेक किमती मोकळ्या केल्या. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून दहा हजार रुबलांची दर्शनी किंमत असलेली सरकारी उद्योगांतील मालकीची पत्रे नागरिकांस वाटण्यात आली. ‘रशियाचे मँचेस्टर’ म्हणून मिरविणाऱ्या इवानोवो शहरास ज्या मध्य आशियाचा कापूस येत असे तो प्रदेश मात्र आता परराष्ट्र झाला होता. गिरणीची मालकी कागदावर बदलली. पण सूत कोणाकडून उधार घ्यावे, माल कोणाच्या भरवशावर पाठवावा, पैसे बुडाले तर कोणाच्या दारी जावे, हे सांगणारी रीत तेथे सत्तर वर्षांत उरली नव्हती.

सुरतेत नेमके उलट घडले. 1985 च्या वस्त्रधोरणाने यंत्रमागास गिरणीच्या पंक्तीस बसविले, सर्व मागांची नोंदणी सक्तीची केली आणि तंतू-तंतूंमधील भेदभाव कमी करण्याचे ठरविले. 24 जुलै 1991 रोजी तर बहुतेक उद्योगांचे परवानेच रद्द झाले. पाताळगंगा येथे 1982 पासून आणि पुढे हजिरा येथे पॉलिएस्टर तयार होऊ लागल्यावर सुताची टंचाई ओसरली. हे सर्व खरे. तथापि ज्या बाजाराने या सुधारणांचा लाभ उठविला तो त्यांनी जन्मास घातलेला नव्हता. विव्हर, दलाल, आढतिया, रंगाईची मिल आणि रिंग रोडवरील व्यापारी यांची साखळी आधीच बांधलेली होती. दोनतीन महिन्यांची उधारी ओळखीवर चालत होती. तंटा झाला तर बाजारचे पंच दिवाणी न्यायालयापेक्षा लवकर निवाडा देत होते. वूच येथे कायदा आधी आला आणि रिवाजाची वाट पाहत बसला. सुरतेत रिवाज आधी रुजला आणि कायद्याने मागाहून येऊन त्याच्या दस्तऐवजावर शिक्का मारला.

यावरून सुरतेच्या उद्यमशीलतेचे जे स्तोत्र गायिले जाते त्यात सूर मिळविण्यास मी तयार नाही. परवान्याची चोरी आणि मजुराच्या हक्काची चोरी ही एकाच पडवीत, एकाच वहीत, एकाच युक्तीने झालेली आहे. जानेवारी 1982 मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि तो संप विधिवत मागे न घेता विरून गेला. त्यानंतर कापड अधिकाधिक भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी आणि सुरत येथील यंत्रमागांवर विणले जाऊ लागले. गिरणीच्या कामगारास हजेरीपट होता, प्रॉव्हिडंट फंड होता, युनियन होती. खात्यातील कारीगर मीटरवर मजुरी घेतो, बारा तासांची पाळी करतो, लग्नकार्यास शेठकडून उचल घेतो आणि ती फिटेपर्यंत त्याच दारी राहतो. त्याचे नाव पुष्कळदा कोणत्याच पटावर नसते. दक्षिण गुजराथेतील मजुरांचा अनेक दशके अभ्यास केलेले डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी हे विस्ताराने मांडले आहे. परवाना-राज्य गेले तेव्हा व्यापाऱ्याच्या मानेवरील जोखड उतरले. कारीगराच्या डोक्यावर कायद्याचे छत्रच नव्हते, तेव्हा त्याच्यापुरते उतरण्याजोगे काही नव्हते. वूचच्या विणकरणीने हक्क गमावले, आणि गमावल्याचा आक्रोश तरी तिला करता आला.

शासनाचा हिशेब मात्र व्यापाऱ्यापर्यंत अखेर पोहोचला. 1957 साली राज्यांनी कापडावरील विक्रीकर सोडून त्याऐवजी केंद्राच्या जादा अबकारीतील वाटा स्वीकारला होता. त्यामुळे कापडाच्या दुकानदारास साठ वर्षे विक्रीकराची वही ठेवावी लागली नाही. जुलै 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि कापडावर शेकडा पाच आकारणी झाली, तेव्हा सुरतेचे व्यापारी हजारोंनी रस्त्यावर उतरले व बाजार कित्येक दिवस बंद राहिले. दराविषयी त्यांची तक्रार होतीच. पण बिनरंगाईचा, म्हणजे ग्रे, ताका मागावरून मिलमध्ये आणि मिलमधून बाजारात जाताना प्रत्येक पायरीस कागद व्हावा, हे त्यांना अधिक बोचत होते, असे माझे मत आहे.

गोडादऱ्याच्या जमिनीची कथा याहून निराळी नाही. 1976 च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने शहरालगतची जमीन रीतसर विकणे दुर्घट केले. गुजराथने तो 1999 साली रद्द केला. दरम्यान सुरतेच्या या पट्ट्यात शेताचे तुकडे पाडून, बिनशेती न करता, साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र यांवर घरे विकली गेली, आणि खानदेशातील वाट्याची कोरडवाहू विकून आलेल्या माणसाने ती घेतली, कारण रीतसर घर त्याच्या ऐपतीत बसत नव्हते. 2006 च्या हद्दवाढीत महापालिकेचे क्षेत्र सुमारे 112 चौरस किलोमीटरांवरून 326 वर गेले. पाठोपाठ नगररचना योजना आल्या: सर्वांची जमीन एकत्र करून रस्ते, शाळा व बागा यांचा वाटा कापून घ्यावयाचा आणि उरलेले भूखंड आखीव आकारात मूळ मालकांस परत द्यावयाचे, अशी ही 1915 च्या मुंबई नगररचना कायद्यापासून चालत आलेली रीत. कोऱ्या शेतावर ती सुबक चालते. जेथे आधीच घरांच्या ओळी उठल्या आहेत तेथे आखणीकाराची रेषा कोणाच्या तरी ओसरीतून जाते.

महापालिकेच्या शिक्षण समितीने येथील मुलांसाठी मराठी माध्यमाच्या शाळा चालविल्या आहेत, आणि लिंबायत मतदारसंघातून मराठी आडनावाचा उमेदवार गुजराथच्या विधानसभेत निवडून जातो. तरीही नोंदणीकृत दस्त नसलेले घर विकावयाचे झाले म्हणजे घेणारा लाइट बिलाबरोबर प्रथम वेराबिल, म्हणजे घरपट्टीचे बिल, मागतो. वेरा भरल्याची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे, असे कायदा सांगतो. ते विकणाऱ्यास ठाऊक असते आणि घेणाऱ्यासही, आणि सौदा त्याच पावतीवर होतो.