प्लेगच्या गल्लीतला पाहुणा

पुण्यात १८९७ साली प्लेगनिवारणासाठी गोरे शिपाई घरांत शिरले, आणि औषधोपचारापेक्षा त्यांचे बूटच लोकांच्या स्मरणात राहिले. पुढे वीसेक वर्षांनी इंदुरासही प्लेगने गांजले. तेथे होळकर दरबाराने पाचारण केलेले नगररचनाकार पॅट्रिक गेडिस मात्र गल्लीबोळांतून पायी हिंडत. हा म्हातारा साहेब प्लेग घेऊन येतो, असे लोक कुजबुजत. ही हकीकत त्यांनीच पुढे सांगितली.

त्यांनी महाराजांकडे एका दिवसाचे राजेपण मागितले! दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने न जाता, जेथील घरे अधिक स्वच्छ व डागडुजी केलेली दिसतील तेथून जाईल, असे जाहीर झाले. मग काय, गाड्याच्या गाड्या भरून कचरा निघाला. उंदीर पकडले गेले. उंदरांवरील पिसवाच हा रोग पसरवितात. तेव्हा हा केवळ देखावा नव्हता.

मिरवणुकीत अस्वच्छतेचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता. आणि त्यांच्यामागून पांढऱ्या स्वच्छ वस्त्रांत, हार घातलेले सफाई कामगार चालले होते. एरवी ज्यांची सावलीही टाळीत, त्यांना त्या दिवशी शहराने मान दिला. एकच दिवस, हे खरे. शेवटी राक्षसाचे दहन झाले.

१९१८ साली गेडिसांचा दोन खंडांचा अहवाल दरबारास सादर झाला. जुन्या वस्त्या सरसकट पाडू नयेत, पडकी घरे तेवढी काढून मोकळी जागा, झाडे व विहिरी राखाव्यात, असा त्यांचा आग्रह होता.